जड हात

गुन्नेलने मापाच्या खुणा असलेली बारीक सळई दात आणि हिरडी यांच्यामध्ये अलगद सरकवली, आणि सळई बाहेर यायच्या आधीच रक्ताचा थेंब वर आला. पुढच्या दाताला तेच. त्याच्या पुढच्यालाही तेच. तिने कापसाचा बोळा टेकवला, आरसा फिरवला आणि खुर्चीत आडव्या पडलेल्या मुलीकडे चष्म्यावरून पाहिलं.

"सिग्ने, खरं सांग. दात घासतेस की नुसती ब्रशला आरशासमोर फिरवून आणतेस?"

"घासते! दोन वेळा. घड्याळ लावून." सिग्ने उठून बसली. वीस वर्षांची, चांगली उंच, पुढच्या महिन्यात नॉर्वेला बोटी बांधायचं काम शिकायला निघालेली. लहानपणापासून ती सरकारी दवाखान्यात जायची. इथे, या खासगी दवाखान्यात, यंदा पहिल्यांदाच आली होती. "तिकडेही हेच विचारायचे. मी हो म्हणायचे, ते हो म्हणायचे, झालं."

"दाखव बघू कशी घासतेस."

गुन्नेलने खणातून नवा ब्रश काढून दिला. सिग्नेने तो अंगठा आणि एका बोटाच्या चिमटीत धरला, शेवटच्या टोकाला, आणि दातांवरून असा फिरवला की त्याने साधी लोण्याची पुसटशी रेघही निघाली नसती.

"हे असं? हे कोणी शिकवलं तुला?"

"आईने. आमच्या घराण्याचा हातच जड ना! आईने दाबून दाबून घासलं आणि तिची पुढची हिरडी गेली. तूच सांगितलंस ना तिला? मी अकरा वर्षांची होते. घरी आली, माझा ब्रश कचऱ्यात टाकला आणि दोघींसाठी लहान मुलांचे मऊ आणले. म्हणाली, आपण हात लावू ते मोडतं, तेव्हा तू फक्त दोन बोटं वापर."

गुन्नेल पाठ फिरवून हातमोजे काढू लागली. उजव्या हाताचा निघेना. तिला वाटलं, मुलीला आपलं तोंड दिसू नये एवढं तरी देवाने करावं.

उल्रिका, सिग्नेची आई, गावच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवते आणि गुरुवारी संध्याकाळी गायकांचा सराव घेते. अकरा वर्षांपूर्वी होडीत शिडाचा आडवा दांडा फिरून तिच्या तोंडावर बसला आणि वरचा पुढचा दात मुळासकट गेला. स्टाफानने, म्हणजे दवाखान्याचा मालक असलेल्या दंतवैद्याने, त्या जागी हाडात स्क्रू बसवून नवा दात लावला. काम देखणं झालं. अशा दाताभोवतीच्या हिरडीला चौदापैकी गुण देतात. शेजारच्या खऱ्या दाताशी ताडून बघायचं. रंग जुळतो का, काठाची कमान जुळते का, दोन दातांमधला कोपरा भरलाय का. वर्ष झाल्यावर फोटो काढला तेव्हा उल्रिकाच्या हिरडीला तेरा मिळाले. स्टाफानने तो फोटो मोठा करून मार्गिकेत लावला. नुसते ओठ, दात आणि गुलाबी हिरडी. नाव नाही, गाव नाही. त्यानंतर फोटो काढला नाही. या धंद्यात पहिल्या वर्षाचा फोटो सगळेच काढतात.

तिसऱ्या वर्षी हिरडी वर सरकली. फार नाही, दोनेक मिलिमीटर. पण दात शेजाऱ्यापेक्षा लांब दिसू लागला आणि वरच्या कातडीतून स्क्रूची करडी छाया डोकावू लागली. तेव्हा हाडाचा त्रिमितीय एक्स-रे काढला. स्टाफान आणि गुन्नेल दोघं पडद्यासमोर उभे होते. स्क्रू ओठाच्या बाजूला कललेला होता. दीड मिलिमीटर मागे बसला असता तर पुढे पापुद्र्याएवढं तरी हाड उरलं असतं. आता ते नव्हतं, आणि हाड नाही म्हणजे हिरडीला टेकायला काही नाही.

"ऑर्गनवाली बाई आहे," स्टाफान म्हणाला होता. "बोटांत केवढी ताकद असेल. जोरात घासत असणार."

आणि मग, दाराकडे जाता जाता:

"मी बोलतो तिच्याशी. पुढच्या वेळी. तोवर तू जरा ब्रशचं बघ."

दात साफ करणं आणि घासायला शिकवणं हे गुन्नेलचंच काम. तिने ब्रशचं बघितलं. तिला आठवत होतं, उल्रिका खुर्चीत बसलेली, ओठाखाली जीभ घालून जागा चाचपत होती. "कदाचित तू जरा जोर देत असशील," गुन्नेल म्हणाली होती, अगदी गोड आवाजात, आणि उल्रिका कानापर्यंत लाल झाली होती. "देतच असेन," ती म्हणाली होती. "माझी आईसुद्धा म्हणायची, तुझ्या हातात काही द्यायची सोय नाही." इतकी पटकन मान खाली घातली बाईने. तिने जरा वाद घातला असता, निदान "छे, मी तर हळूच घासते" एवढं म्हटलं असतं, तर गुन्नेलच्या तोंडून खरं निघून गेलं असतं. निदान गेली नऊ वर्षं गुन्नेल स्वतःची अशी समजूत घालत आली होती.

त्यानंतर तिने एकच केलं. लोकांना वर्षातून दोनदा बोलावतात, उल्रिकाला चारदा बोलवायला लागली. स्वतःच्या हाताने त्या स्क्रूभोवती कणभर मळ राहू देत नसे. दर वेळी म्हणायची, "छान, हिरडी आणखी अजिबात वर गेलेली नाही, बघ तू किती जपतेस." आणि दर गुरुवारी, गायकांच्या रांगेत उभी राहून, खालच्या पट्टीतल्या बायकांमध्ये, ती पाहायची की उल्रिका स्वर दाखवताना स्वरलिपीचा कागद तोंडापुढे धरते. हसू आलं की हात वर जातो. आधी चुकून, मग सवयीने, आता तर तो हात कुणाला दिसतही नसे. गुन्नेलला दिसायचा.

"माझं काय अगदीच वाईट आहे का?" सिग्नेने मागून विचारलं.

"नाही गं. तुझ्या हिरड्या सुजल्यात, कारण त्यांना कोणी हातच लावत नाही. दोन आठवड्यांत ताळ्यावर येतील. ब्रश मुठीत धर. असा. आणि लाव जरा जोर."

"आईला काय सांगू?"

"आईला मी सांगते," गुन्नेल म्हणाली.

दहाच्या कॉफीला स्टाफान खिडकीशी बसला होता. त्याच्यापुढे दालचिनीचा बन होता, वर पांढऱ्या साखरेचे खडे. तिने दार लावून घेतलं.

"उल्रिकाची मुलगी आली होती."

"हं. कशी आहे?"

"हिरड्यांतून रक्त. सगळीकडे. आईने शिकवलंय, दात घासायचे नाहीत, कुरवाळायचे." ती बसली नाही. "आपण आईला सांगितलं म्हणून आईने तिला शिकवलं."

स्टाफानने बनाचा तुकडा तोडला आणि तोंडात घातला नाही.

"अगं, त्या काळी सगळेच तसे बसवत होते."

"नव्हते."

"बरं, बरेच जण. मी आता बसवतो का तसा? गेल्या सहा वर्षांत एक तरी दाखव." तो वाईट माणूस नव्हता. त्याच्या डोळ्यांखालची कातडी एकदम म्हातारी दिसली. "मुलीला सांगितलंस ना नीट घास म्हणून? मग झालं की. सुटला प्रश्न."

"आणि आई?"

"मी बोलतो तिच्याशी. पुढच्या वेळी."

"परवा आहे तिची वेळ."

"परवा?" त्याने भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं, जसं काही त्याच्यातून सुटका निघेल. "परवा सबंध सकाळ मला एक ऑपरेशन करायचंय. पण मी बोलणार आहे, गुन्नेल. मनात आहे माझ्या."

"नऊ वर्षं तुझ्या मनातच आहे ते," ती म्हणाली, आणि लगेच तिला कळलं की हे ती कोणत्या तोंडाने बोलतेय. त्याने एकदा हात झटकले होते. तिने वर्षातून चार वेळा, हसतमुखाने, त्याच बाईच्या तोंडात बोटं घालून तेच केलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवायच्या सुट्टीत तिने उल्रिकाची नोंद उघडली. पडद्यावर सगळं ओळीने होतं, प्रत्येक ओळीखाली तिची आद्याक्षरं. *जोरात घासण्याने हिरडी वर. समज दिली.* खाली, तीन महिन्यांनी: *पुन्हा समज दिली. रुग्ण सहकार्य करते.* त्याखाली पुन्हा. रुग्ण सहकार्य करते, रुग्ण सहकार्य करते. या नोंदीतली जुनी ओळ खोडता येत नाही. खाली नवी लिहिता येते. गुन्नेलने घरून बांधून आणलेलं काळ्या पावाचं सँडविच उघडलंच नाही. तिने एक ओळ लिहिली, पुसली, पुन्हा लिहिली. शेवटी आद्याक्षरं टाकली आणि बटण दाबलं.

तिसऱ्या दिवशी उल्रिका वेळेआधी पाच मिनिटं आली, कोट अडकवला, खुर्चीत बसली आणि नेहमीप्रमाणे म्हणाली:

"आधीच माफी मागते हं. गेल्या गुरुवारी सरावाच्या गडबडीत बहुतेक पुन्हा जोर लागला. मला वाटलंच, गुन्नेल ओरडणार."

"आडवी नको पडूस," गुन्नेल म्हणाली. "बस अशीच."

"अरे देवा. पडायला आलाय का दात?"

"दात पक्का आहे." गुन्नेलने स्टूल ओढलं आणि तिच्यासमोर बसली, मास्क नव्हता, दिवा नव्हता, हातात काही नव्हतं. हात कुठे ठेवायचे तेच तिला कळेना. "उल्रिका, तुझी हिरडी तू घासलीस म्हणून नाही गेली. स्क्रू पुढे बसला होता. पहिल्या दिवसापासून. समोर हाड उरलं नाही म्हणून ती वर गेली. तू ब्रशला हात लावला नसतास तरी गेली असती."

उल्रिकाच्या चेहऱ्यावर ऐकल्याचं काही दिसलं नाही. ती अजून मघाचं थोडं हसत होती, आणि हात अर्धा वर आलेला होता.

"कधी कळलं तुम्हाला?"

"तिसऱ्या वर्षी. तो मोठा एक्स-रे काढला त्या दिवशी."

"त्याच दिवशी तू मला म्हणालीस की मी जोर देते."

"हो."

"स्टाफानने सांगितलं होतं तसं म्हणायला?"

गुन्नेलला मोह झाला. हो म्हटलं असतं तर अर्धं ओझं मार्गिकेपलीकडच्या खोलीत गेलं असतं, आणि ते फारसं खोटंही नव्हतं.

"त्याने सुरुवात केली. पण तुला सांगितलं मी. तू लगेच मान्य केलंस, आणि मला हायसं वाटलं." तिने पडदा उल्रिकाकडे फिरवला. "काल हे लिहिलंय. तुझ्या नोंदीत आहे. तुला याची प्रत मागता येते, कुठेही नेता येते."

उल्रिका वाचायला पुढे वाकली. ओळ छोटीच होती. *हिरडी वर जाण्याचं कारण स्क्रूची जागा. रुग्णाच्या घासण्याचा संबंध नाही. हे तिसऱ्या वर्षापासून माहीत होतं. रुग्णाला चुकीचं सांगितलं, मी.* तिने ती वाचली आणि मग बोटाने पडदा खाली सरकवत सरकवत वरच्या सगळ्या ओळी वाचल्या. त्याला खूप वेळ लागला. बाहेर कुठेतरी पाणी सोडल्याचा आवाज येत राहिला.

"छत्तीस," ती म्हणाली. "छत्तीस वेळा आले मी इथे. बाकीचे लोक वर्षातून दोनदा येतात. मला वाटायचं, आपण इतक्या वाईट आहोत की आपल्यावर लक्ष ठेवावं लागतं."

"स्क्रूभोवती स्वच्छ राहावं म्हणून—"

"कशासाठी बोलवायचीस, गुन्नेल?"

गुन्नेलने मांडीवरच्या स्वतःच्या हातांकडे पाहिलं.

"माझ्यासाठी," ती म्हणाली.

"अस्सं." उल्रिकाने मान हलवली, हिशेब लागल्यासारखी. "नऊ वर्षं मी तुझ्यासाठी येत होते. आणि वर दर वेळी तुझी माफी मागत होते." ती ओरडली असती तर बरं झालं असतं. "आणि ते छान जपतेस, छान जपतेस म्हणायचीस ते?"

"हिरडी आपोआपच थांबली होती."

"म्हणजे तेही नाही."

"नाही."

मग गुन्नेलने सिग्नेबद्दल सांगितलं, कारण ते सांगितल्याशिवाय सुटका नव्हती: रक्ताबद्दल, दोन बोटांच्या चिमटीबद्दल. त्या क्षणी मात्र उल्रिकाचा चेहरा फिरला. स्वतःचं सगळं तिने शांतपणे ऐकून घेतलं होतं. मुलीचं नाव निघाल्यावर तिने डोळे मिटले, आणि तिच्या दोन्ही हातांची, ऑर्गन वाजवणारी बोटं खुर्चीच्या हातात रुतली.

"ती बारा वर्षांची असताना सांगितलं मी तिला, पीठ मळू नकोस, तुझ्या हाताने वातड होईल," ती म्हणाली. "ती मळत नाही. आजही."

टाळूची कातडी घेऊन हिरडी थोडी भरता येते, दुसऱ्या गावात चांगला माणूस आहे, पहिल्यासारखं अगदी नाही होणार पण बरंच झाकेल, हे सगळं तिने घोकून ठेवलं होतं. ते ती बोललीही, पण तिला स्वतःलाच ते दुकानदारासारखं वाटलं.

"आज साफ करू का?" तिने शेवटी विचारलं.

"नको," उल्रिका म्हणाली. "आज मला काही नको." तिने पर्स उघडली, आतल्या कप्प्यातून लहान मुलांचा मऊ ब्रश काढला, निळ्या दांड्यावर पाणमांजर असलेला, आणि हत्यारांच्या ट्रेमध्ये ठेवून दिला.

मार्गिकेत ती थांबली. गुन्नेल दारातून पाहत होती. उल्रिकाने तो मोठा फोटो खिळ्यावरून उचलला. काचेला धूळ होती, ती बाहीने पुसली. तेवढ्यात स्टाफान कॉफीच्या खोलीतून बाहेर आला आणि जागच्या जागी थबकला.

"उल्रिका! मी तुझ्याशी बोलणारच होतो, खरं म्हणजे—"

"आधी तोंड पूस, स्टाफान. साखर लागलीय." तिने फोटो पालथा करून त्याच्या हातात दिला. "हा पहिल्या वर्षाचा आहे. नवीन काढायचा असेल तर कळव. मी येईन, तोंड उघडून बसेन. लाव मग भिंतीवर."

आणि कोट हातातच घेऊन ती बाहेर पडली.

गुरुवारी जाऊ नये असं गुन्नेलने तीनदा ठरवलं. डोकं दुखतंय असा निरोपही लिहून ठेवला. पण नऊ वर्षं ज्या बाईकडून माफी मागून घेतली तिला आता डोकेदुखीची थाप मारायची, हे तिच्याच्याने होईना. ती चर्चच्या हॉलमध्ये शेवटी पोचली आणि खालच्या पट्टीतल्या बायकांच्या मागच्या रांगेत उभी राहिली. नाताळाआधीच्या चार रविवारांपैकी पहिल्या रविवारची गाणी होती. सव्वीस जण, ओले कोट, खोकला, खुर्च्यांची सरकासरक.

उल्रिका आली. तिने कुणाकडे विशेष पाहिलं नाही. पियानोवर कागद ठेवला, आणि तिथेच राहू दिला.

"तोंडं उघडा," ती म्हणाली. "पुटपुटू नका. असं."

तिने स्वतः तोंड उघडलं, सबंध, आणि 'आ' लावला. डोक्यावरचा दिवा थेट तिच्या चेहऱ्यावर होता. लांब दात दिसला, त्याच्यावरची करडी रेघ दिसली. पहिल्या रांगेतल्या एका बाईने पटकन नजर वळवली. उल्रिकाचे दोन्ही हात कमरेजवळ होते, आणि ते तिथेच राहिले.

सगळ्यांनी स्वर लावला. गुन्नेलनेही ओठ उघडले. तिच्या गळ्यातून काही येईना. शेजारणीला कळू नये म्हणून ती नुसती ओठ हलवत राहिली.

उल्रिकाने हात वर करून सगळ्यांना थांबवलं.

"मागच्या रांगेत कुणीतरी नुसतं तोंड हलवतंय."

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. कुणीतरी फिसकन हसलं. उल्रिकाने आता गुन्नेलकडे पाहिलं, सरळ, आणि त्या नजरेत माफी नव्हती. राग तेवढा होता, आणि तो अजून बराच काळ राहणार होता.

"मला ऐकू येत नाहीये," ती म्हणाली. "पुन्हा. पहिल्यापासून."

ती पियानोसमोर बसली, दोन्ही हात वर उचलले आणि सगळा भार देऊन पट्ट्यांवर टाकले. पियानोवरची पेन्सिल उडाली आणि गडगडत खाली गेली. ती कुणी उचलली नाही.

गुन्नेलने तोंड उघडलं. आवाज फाटका निघाला, पण निघाला.